ऑर्थो आणि स्किन: आधी वर्णन, मग निदान

एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षात ऑर्थो सर्जरीच्या पोटात जातं आणि स्किन मेडिसिनच्या. दोघांनाही स्वतंत्र पेपर नसल्यामुळे हे विषय मागे मागे पडत राहतात. शेवटच्या आठवड्यात कुणाच्या तरी नोट्सची झेरॉक्स मिळते, तीस-चाळीस साइन्सची (आजाराच्या खुणांची) नावं पाठ होतात आणि व्हायवाला परीक्षकांनी एक्स-रे हातात दिला की पाठ केलेलं एकही नाव त्या फिल्मशी जुळत नाही. नीट-पीजी (पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा) आणि एफएमजीई (परदेशात शिकलेल्या डॉक्टरांची भारतातली पात्रता परीक्षा) यांमध्येही या विषयांवर चित्राचे प्रश्न भरपूर असतात. फोटो किंवा फिल्म समोर येते, सोबत दोन ओळींची हिस्टरी, बस.

नुकतीच क्लिनिकल पोस्टिंग सुरू झालेल्यांसाठी, आणि रशिया, जॉर्जिया, फिलिपिन्समध्ये शिकून एफएमजीईची तयारी करणाऱ्या मराठी मुलामुलींसाठी हा लेख आहे. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: हे दोन्ही विषय डोळ्यांनी आणि हातांनी शिकायचे. दिसतंय त्याचं आधी शब्दांत वर्णन करा, नाव नंतर द्या. वर्णन जमलं की निदान बहुतेक वेळा आपोआप समोर येतं.

पहिली पायरी: पोस्टिंगमध्ये रोज पाच ओळी

खिशात मेजरिंग टेप, टॉर्च, थोडा कापूस आणि साधं भिंग ठेवा. रोज ओपीडीत एक रुग्ण निवडा आणि त्याच्याबद्दल पाच ओळी लिहा. अट एकच, त्या पाच ओळींत आजाराचं नाव येता कामा नये. उदाहरणार्थ: "डाव्या कोपराच्या मागच्या बाजूला साधारण ४ बाय ३ सेंमीचा, स्पष्ट कडा असलेला, वर उठलेला लालसर चट्टा. त्यावर चांदीसारखी खपली, नखाने खरवडली की थर सुटतात. दोन्ही गुडघ्यांवर तसेच चट्टे. हाताच्या नखांवर बारीक खड्डे. खाज थोडी, दोन वर्षांपासून कमी-जास्त." हे वाचल्यावर सोरायसिस म्हणायला परीक्षकाची गरज उरत नाही. आणि नखांवरचे खड्डे लिहिलेत म्हणून पुढचा प्रश्न तुम्हाला सुचेल: बोटांचे टोकाचे सांधे दुखतात का? स्किनचा रुग्ण तिथे ऑर्थोचा आणि मेडिसिनचाही होतो.

रेसिडेंटनी निदान आधीच सांगून टाकलं असेल तरी वर्णन लिहा. निदान माहीत असताना डोळे नेमकं तेवढंच बघतात आणि बाकीचं सोडून देतात, ही सवय सुरुवातीलाच मोडायला हवी.

दुसरी पायरी: त्वचेचे मोजके शब्द पक्के करा

मॅक्यूल म्हणजे हाताला न लागणारा, फक्त रंग बदललेला डाग. पॅप्यूल म्हणजे छोटा उंचवटा, प्लाक म्हणजे पसरट उंचवटा, नोड्यूल म्हणजे खोलवर लागणारी गाठ. पाणी भरलेला छोटा फोड व्हेसिकल, मोठा बुला, पू असेल तर पश्च्यूल. गांधी उठली तर व्हील. आकाराची मर्यादा कुठे अर्धा सेंटिमीटर सांगतात, कुठे एक. तुमच्या विभागात जी शिकवतात ती धरा आणि सगळीकडे तीच वापरा. पुढे स्केल (खपली), क्रस्ट (सुकलेल्या स्रावाचा पापुद्रा), इरोजन (वरवरची जखम), अल्सर (खोल जखम) आणि लायकेनिफिकेशन (खाजवून जाड झालेली त्वचा). एवढ्या शब्दांवर पहिलं वर्ष निघतं.

एक गोष्ट आवर्जून सांगते. पुस्तकांतले बरेच फोटो गोऱ्या त्वचेचे असतात. आपल्या सावळ्या रुग्णांमध्ये 'लाल' चट्टा तपकिरी, जांभळट किंवा करडा दिसतो. लायकेन प्लेनसचे जांभळे, चपटे, बहुकोनी पॅप्यूल आपल्याकडे कित्येकदा काळपट दिसतात. तिथे रंगावर विसंबू नका. चपटा माथा, खाज, मनगटाची आतली बाजू, आणि गालाच्या आत दिसणारी पांढरी जाळी या खुणा जास्त भरवशाच्या.

फोडांचे आजार जोडीने वाचा. पेम्फिगस व्हल्गॅरिसमध्ये फोड ढिले, लवकर फुटणारे, बऱ्याचदा तोंडापासून सुरुवात, निकोल्स्की साइन पॉझिटिव्ह (बोटाने घासलं की वरची त्वचा सुटते); फट एपिडर्मिसच्या (त्वचेच्या वरच्या थराच्या) आत, कारण डेस्मोग्लीन ३ आणि १ विरुद्धच्या अँटिबॉडी पेशी-पेशींमधला जोडच तोडतात. बुलस पेम्फिगॉइड म्हाताऱ्या माणसांत. फोड ताठ, खाज खूप, फट एपिडर्मिसच्या खाली, बेसमेंट मेम्ब्रेनवर (एपिडर्मिसच्या तळाच्या पडद्यावर) आयजीजी अँटिबॉडी आणि सी३ प्रथिन यांची सरळ रेघ. फोड ढिला का आणि ताठ का, हे फट किती खोल आहे यावरून समजतं. ते एकदा समजलं की दोन कोष्टकं पाठ करायची गरज राहत नाही. तिसरा डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस: आयजीए अँटिबॉडीचे कण, ग्लूटेनशी (गव्हातल्या प्रथिनाशी) संबंध, औषध डॅप्सोन.

गजकर्ण आणि खरूज यांना सोपं म्हणून सोडू नका. ओपीडीत सर्वांत जास्त तेच येतं. गजकर्णात कडा सक्रिय आणि मध्य निवळलेला असतो, कडेची खपली खरवडून केओएचच्या (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या) थेंबात मायक्रोस्कोपखाली बघायची. पण मेडिकलमधून परस्पर आणलेलं स्टेरॉइड-मिश्रित मलम महिनोन्महिने लावलं असेल तर ती कडाच पुसट होते. म्हणून "आतापर्यंत काय लावलंत? ट्यूब आणलीय का?" हा प्रश्न हिस्टरीत पहिल्या तीनांत हवा. खरजेत घरात आणखी कुणाला खाज आहे का, रात्री वाढते का, हे विचारा आणि बोटांच्या बेचक्या बघा. उत्तरात पर्मेथ्रिन ५ टक्के लिहिताना घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी उपचार हे लिहिलं नाही तर उत्तर अर्धंच राहतं.

तिसरी पायरी: कुष्ठरोगाला पूर्ण दिवस द्या

महाराष्ट्रात शिकणाऱ्याने हा विषय वरवर करणं मला पटत नाही. वडाळ्याचं अॅकवर्थ रुग्णालय १८९० पासूनचं, वरोऱ्याचं आनंदवन १९४९ चं. या आजाराचा आपल्याकडचा इतिहास मोठा आहे आणि रुग्ण आजही, विशेषतः विदर्भात, ओपीडीत येतात. परीक्षेत लाँग केस, शॉर्ट केस, चित्र, औषधांचे डोस, सगळं यातून निघतं.

तपासणी अशी करा. फिकट किंवा लालसर चट्टा दिसला की आधी रुग्णाच्या चांगल्या त्वचेवर कापसाचं टोक लावून दाखवा आणि सांगा, "स्पर्श कळला की त्या जागी बोट ठेवा." मग डोळे मिटायला लावून चट्ट्यावर आणि आजूबाजूला तपासा. "कळतंय का?" असं सारखं विचारू नका; रुग्ण तुमच्या समाधानासाठी "हो" म्हणत राहतो. चेहऱ्यावरच्या चट्ट्यात संवेदना शाबूत असू शकते, कारण तिथे नसांचं जाळं दाट आहे. त्यानंतर नसा. कोपर थोडं वाकवून आतल्या हाडाच्या उंचवट्यामागे अल्नर नर्व्ह, मानेवर ग्रेट ऑरिक्युलर, फिब्युलाच्या मानेशी कॉमन पेरोनियल, घोट्याच्या आत पोस्टीरियर टिबियल. दोन्ही बाजू एकापाठोपाठ चाचपा, आणि चाचपताना रुग्णाच्या चेहऱ्याकडे बघा. नस दुखत असेल तर तिथे आधी कळतं. "चप्पल पायातून निसटते, पण मला पत्ता लागत नाही," असं रुग्ण सांगतात. ते वाक्य केस पेपरवर त्यांच्याच शब्दांत लिहा.

तीन मुख्य लक्षणांपैकी एक पुरतं: संवेदना गेलेला चट्टा, जाड झालेली नस आणि तिच्या क्षेत्रात बधिरता किंवा अशक्तपणा, किंवा स्किन स्मीअरमध्ये (त्वचेतून घेतलेल्या नमुन्यात) जंतू. रिडले-जॉपलिंगचं वर्गीकरण १९६६ चं: टीटी (ट्यूबरक्युलॉइड), बीटी, बीबी, बीएल (मधले बॉर्डरलाइन प्रकार), एलएल (लेप्रोमॅटस). ही पाच नावं सुटी पाठ करण्यापेक्षा एकच रेघ ओढा. टीटी टोकाला प्रतिकारशक्ती भक्कम, चट्टे मोजके, जंतू जवळपास नाहीत, बधिरता ठळक. एलएल टोकाला प्रतिकारशक्ती ढासळलेली, चट्टे असंख्य आणि दोन्ही बाजूंना सारखे, जंतू भरपूर, पण चट्ट्यांत बधिरता सुरुवातीला नसतेच. म्हणून "बधिरता नाही, म्हणजे कुष्ठरोग नाही" असं एलएलच्या रुग्णात म्हणून बसू नका.

पाचपर्यंत चट्टे म्हणजे पॉसिबॅसिलरी (कमी जंतूंचा), उपचार ६ महिने. त्याहून जास्त किंवा स्मीअर पॉझिटिव्ह असेल तर मल्टिबॅसिलरी (जास्त जंतूंचा), १२ महिने. प्रौढाला रिफॅम्पिसिन ६०० मिग्रॅ महिन्यातून एकदा समोर बसवून, क्लोफाझिमिन ३०० मिग्रॅ महिन्यातून एकदा आणि ५० मिग्रॅ रोज, डॅप्सोन १०० मिग्रॅ रोज. जुन्या नोट्समध्ये पॉसिबॅसिलरीला दोनच औषधं दिसतील. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये दोन्ही गटांना तिन्ही औषधं सुचवली. जुनी प्रश्नपत्रिका सोडवताना हा फरक ध्यानात ठेवा.

रिअॅक्शनमध्ये (प्रतिकारशक्तीमुळे अचानक उसळणाऱ्या दाहात) विद्यार्थी सर्वांत जास्त घसरतात. टाइप १ मध्ये जुनेच चट्टे लाल होऊन सुजतात, नस दुखते, हात अचानक लुळा पडू शकतो. हे बॉर्डरलाइन रुग्णांत. टाइप २ मध्ये ताप आणि दुखऱ्या नव्या गाठी. हे एलएल आणि बीएलमध्ये. दोन्हींत एमडीटी (वरचा अनेक औषधांचा उपचार) थांबवायची नाही. नस धोक्यात असेल तर स्टेरॉइड ताबडतोब, कारण गेलेली ताकद उशीर झाल्यावर परत येत नाही. पंजाचा आकडा, पायावरची न भरणारी जखम, घोट्याचा शार्को जॉइंट (संवेदना गेल्यामुळे झिजून मोडलेला सांधा), हे सगळं इथूनच निघतं. कुष्ठरोग नीट वाचलात की हाताच्या नसांचं ऑर्थोही अर्धं झालं.

चौथी पायरी: ऑर्थोमध्ये क्रम मोडायचा नाही

बघा, चाचपा, हलवून बघा, मोजा. आधी चांगली बाजू, मग दुखरी. फ्रॅक्चरच्या एक्स-रेला दोन दिशांचे फोटो आणि वर-खालचे दोन्ही सांधे हवेत. बोलतानाही क्रम ठरवा: कुठल्या भागाचा, कुठल्या दिशेचा, कुठली बाजू, कुठलं हाड, हाडाचा कुठला भाग, रेषा कशी, तुकडा कुठे सरकलाय, सांधा शाबूत आहे का, भोवतालची सूज. सरकणं नेहमी खालच्या तुकड्याचं सांगायचं. एवढा क्रम पाळला तर नाव नाही आठवलं तरी बरेचसे गुण हातात राहतात.

सगळी फ्रॅक्चर्स सारख्याच खोलीने वाचायला वेळ नसतो. एक मात्र मुळापासून करा: मुलांचं सुप्राकाँडायलर फ्रॅक्चर (कोपराच्या लगेच वर दंडाचं हाड मोडणं). वय साधारण ५ ते ८, हात टेकून पडलेलं मूल, कोपर सुजलेलं. ओलेक्रॅनन (कोपराचं मागचं टोक) आणि दोन्ही एपिकाँडाइल (कोपराच्या दोन बाजूंचे हाडाचे उंचवटे) यांचा त्रिकोण चाचपा. सुप्राकाँडायलरमध्ये तो शाबूत, कोपर निखळलं असेल तर बिघडलेला. मग अंगठा आणि तर्जनी टेकवून गोल करायला सांगा. जमलं नाही तर अँटीरियर इंटरऑसियस नर्व्हला इजा. रेडियल पल्स, बोटांचा रंग, ऊब, सगळं प्लास्टरच्या आधी आणि नंतर लिहून ठेवा.

आता रात्रीचा प्रसंग डोळ्यांसमोर आणा. प्लास्टर घातलेलं मूल वॉर्डात आहे, वेदनाशामक दिलंय, तरी रडणं थांबत नाही. बोटं हलकेच सरळ केली की किंचाळतं. पल्स लागते. इथे "पल्स आहे, म्हणजे ठीक आहे" म्हणणारा उमेदवार नापास व्हावा असं मला मनापासून वाटतं. बोटं सरळ करताना होणारी असह्य वेदना हे कंपार्टमेंट सिंड्रोमचं (स्नायूंच्या बंद कप्प्यात दाब वाढून रक्तपुरवठा अडण्याचं) सुरुवातीचं लक्षण आहे, आणि पल्स बराच वेळ शाबूत राहू शकते. प्लास्टर, पट्टी, कापूस सगळं त्वचेपर्यंत उघडायचं, कोपराचा बाक कमी करायचा, हात हृदयाच्या पातळीवर ठेवायचा, वरिष्ठांना बोलवायचं. आराम पडला नाही तर फॅशिऑटॉमी (स्नायूंवरचं आवरण कापून दाब मोकळा करणं). उशीर झाला तर स्नायू मरतात, आखडतात आणि तो हात आयुष्यभर वाकडा राहतो. तोच व्होल्कमन्स काँट्रॅक्चर. गावाकडे कामट्या लावून करकचून बांधलेल्या हाताचंही हेच होतं. हिस्टरीत दोन प्रश्न सोडू नका: "आधी कुठे बांधून घेतलं होतं का?" आणि "तेलाने चोळलं होतं का?" कोपर चोळण्याने स्नायूत हाड तयार होतं, मायॉसायटिस ऑसिफिकन्स, आणि तोही परीक्षेचा आवडता प्रश्न आहे.

बाकीच्यांतून एकेक कळीची गोष्ट उचला. कोलीज फ्रॅक्चरमध्ये (मनगटाजवळ रेडियस मोडणं) काट्याच्या चमच्यासारखं मनगट आणि मागे सरकलेला तुकडा, स्मिथमध्ये पुढे. स्कॅफॉइडमध्ये (मनगटातल्या छोट्या हाडात) पहिला एक्स-रे साफ असू शकतो. अंगठ्याच्या मुळाशी खोलगट भागात दुखत असेल तर फ्रॅक्चर समजूनच हात बांधा आणि १० ते १४ दिवसांनी पुन्हा फिल्म काढा. फीमरची मान मोडली की पाय आखूड आणि बाहेर वळलेला. हिप मागे निखळला की पाय वाकलेला, आत ओढलेला आणि आत वळलेला, आणि सायटिक नर्व्ह तपासायची. खांदा निखळला तर अॅक्सिलरी, ह्यूमरसचा मधला भाग मोडला तर रेडियल, फिब्युलाची मान मोडली तर कॉमन पेरोनियल.

पाचवी पायरी: वय आणि जागा

हाडांच्या गाठींचा प्रश्न वाचताना नाव आठवायची घाई करू नका, आधी वय आणि हाडाचा भाग यांच्याखाली रेघ मारा. १० ते २० वर्षं, गुडघ्याजवळचा मेटॅफिसिस (हाडाचा टोकाजवळचा भाग), सूर्यकिरणांसारखं नवं हाड: ऑस्टिओसार्कोमा. लहान मूल किंवा किशोर, हाडाचा मधला दांडा, ताप, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर: यूइंग सार्कोमा. २० ते ४०, वाढ पूर्ण झालेल्या हाडाचं टोक, साबणाच्या फेसासारखे कप्पे: जायंट सेल ट्यूमर. वाढ पूर्ण होण्याआधी टोकाला गाठ असेल तर काँड्रोब्लास्टोमा. रात्री दुखतं आणि अॅस्पिरिनने झटकन थांबतं: ऑस्टिऑइड ऑस्टिओमा. पन्नाशीनंतर मात्र कर्करोगाचं हाडात पसरणं आणि मायलोमा (अस्थिमज्जेतल्या पेशींचा कर्करोग) हे आधी मनात यायला हवं.

लंगडणाऱ्या मुलाचंही तसंच. नवजात बाळात डीडीएच (हिपच्या सांध्याचा जन्मजात दोष), तपासायला बार्लो आणि ऑर्टोलानी चाचण्या. ४ ते ८ वर्षांत पर्थीस (फीमरच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटणं). वयात येणारा जाड मुलगा असेल तर एससीएफई (फीमरचं डोकं वाढीच्या रेषेवरून घसरणं). यातली कित्येक मुलं गुडघा दुखतो म्हणून येतात, आणि दोष हिपमध्ये असतो. गुडघ्याचा एक्स-रे साफ आला की हिप तपासा.

मणक्याचा टीबी आपल्याकडचा रोजचा आजार. पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये वर्णन केलेला. दोन शेजारच्या मणक्यांच्या कडा आणि मधली डिस्क, पाठीवर टेंगूळ, थंड अॅब्सेस, संध्याकाळचा ताप. पायांची ताकद आणि लघवीवरचं नियंत्रण विचारल्याशिवाय केस मांडू नका.

सहावी पायरी: सांधे ऐकून ओळखा

सांध्याच्या रुग्णाला तीनच गोष्टी विचारा आणि उत्तर पूर्ण होऊ द्या. सकाळी आखडलेलं अंग किती वेळात मोकळं होतं? कामाने दुखणं वाढतं की कमी होतं? नेमके कुठले सांधे? अर्ध्या तासाच्या आत मोकळं होतं, चालल्यावर वाढतं, गुडघे आणि बोटांची टोकं: ऑस्टिओआर्थ्रायटिस. तासाच्या वर लागतो, दोन्ही हातांचे बोटांच्या मुळाचे आणि मधले सांधे, टोकाचे सुटलेले: ऱ्हुमटॉइड आर्थ्रायटिस, अँटी-सीसीपी ही रक्ताची जास्त नेमकी चाचणी. तरुण मुलगा, कंबर पहाटे आखडते आणि हालचालीने सुटते: अँकिलोजिंग स्पाँडिलायटिस, एचएलए-बी२७ हा जनुकीय मार्कर, सेक्रोइलिअॅक जॉइंटचा (कमरेखालच्या सांध्याचा) एक्स-रे.

एका रात्रीत सुजलेला, तापलेला, हात लावू न देणारा एकच सांधा असेल तर पाणी काढल्याशिवाय झोपायचं नाही. गाउटमध्ये सुईसारखे, पोलराइज्ड प्रकाशाच्या मायक्रोस्कोपखाली निगेटिव्ह बायरेफ्रिंजंट स्फटिक. स्यूडोगाउटमध्ये चौकटीसारखे, पॉझिटिव्ह. पण पू असेल तर सेप्टिक आर्थ्रायटिस, आणि तो काही दिवसांत कूर्चा खाऊन टाकतो. गाउटचा झटका चालू असताना अॅलोप्युरिनॉल सहसा नव्याने सुरू करत नाहीत. हेच अॅलोप्युरिनॉल स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोमच्या (एसजेएस, औषधाने त्वचा सुटण्याचा गंभीर आजार) कारणांत पुन्हा भेटतं, कार्बामाझेपिन, लॅमोट्रिजिन आणि सल्फाच्या सोबत. त्वचा १० टक्क्यांपेक्षा कमी सुटली तर एसजेएस, ३० च्या वर टेन (टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस), मधला पट्टा दोघांचा.

पाठ करण्याजोगं थोडंसं

काही गोष्टी पाठच कराव्या लागतात. ऑस्टिओपोरोसिसमध्ये कॅल्शियम, फॉस्फेट, अल्कलाइन फॉस्फटेज सगळं नॉर्मल. मुडदूस आणि ऑस्टिओमलेशियात फॉस्फेट कमी, अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेलं. पॅजेटमध्ये एकटं अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेलं. प्रायमरी हायपरपॅराथायरॉइडमध्ये कॅल्शियम जास्त, फॉस्फेट कमी. क्लबफूट (जन्मतः आत वळलेलं पाऊल) सुधारण्याचा क्रम केव्हस, अॅडक्टस, व्हेरस, शेवटी इक्वायनस. नाकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या) गुप्तरोगांच्या औषध-किटचे रंग: १ करडा, २ हिरवा, ३ पांढरा, ४ निळा, ५ लाल, ६ पिवळा, ७ काळा. हे एका कागदावर लिहून वहीच्या मुखपृष्ठाच्या आत चिकटवा आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी बघा. वेळ पोस्टिंगच्या पाच ओळींवर घाला.

प्रश्नसंच सोडवताना चित्राचा प्रश्न आला की पर्याय हाताने झाका, चित्राचं वर्णन मनात म्हणा, मग पर्याय उघडा. नीट-पीजीत बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकीला १ वजा. वर्णनावरून दोन पर्याय कटले असतील तर उत्तर द्या, चारही सारखेच वाटत असतील तर सोडा. एफएमजीईत वजा गुण नाहीत, तिथे एकही प्रश्न कोरा ठेवू नका.

प्रॅक्टिकलच्या दिवशी शॉर्ट केसला रुग्ण मिळाला की आधी त्यांना नमस्कार करा, काका-मावशी जे शोभेल ते म्हणा, पडदा ओढून घ्या आणि दुखरा भाग कुठला ते विचारूनच हात लावा. दोन्ही हात किंवा दोन्ही पाय उघडे करून तुलना करा. परीक्षक आल्यावर बाजू, जागा, आकार, कडा, पृष्ठभाग, संवेदना, सांध्याची हालचाल अंशांत, नसा आणि पल्स, या क्रमाने बोला. मधेच "डायग्नोसिस काय?" विचारलं तर पहिली शक्यता, दुसरी शक्यता आणि दोन्हींत फरक करणारी एक खूण सांगा. तपासण्यांची यादी लांबवू नका. ती एक खूण पक्की करणारी तपासणी आधी सांगा, बाकीच्या विचारल्यावर.